कलेजी आणि शेपटीची चरबी

कुर्चातोव,
११ ऑक्टोबर

प्रिय आईला तुझ्या सेरझानचा सलाम.

मी मजेत आहे. तू विणलेले मोजे पोहोचले. एक जरा लहान आहे आणि एक मोठा, पण दोन्ही ऊबदार आहेत. छपराचा पत्रा शेजारच्या मुरातकडून ठोकून घे, तू शिडीवर चढू नकोस. एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळचं वाक्य लांब आहे.

काम जोरात चालू आहे. अणुचाचण्यांच्या जुन्या मैदानाच्या कडेला मेंढपाळांची हिवाळी घरं आहेत. ती कुरणं त्यांना कायमची द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही तिथली माती, पाणी, गवत, मांस असं सगळं तपासतो. वसंतात असाच बातिमा आजींच्या घरी गेलो होतो. बाई खमक्या आहेत. त्यांची एक नात आहे, कामशात तिचं नाव, गावच्या दवाखान्यात नर्स आहे, ती सुट्टीला आली होती. पाहुणा आला म्हणून त्यांनी मेंढी कापली. मी लगेच पिशव्या काढल्या आणि म्हणालो, "आजी, मला थोडी कलेजी लागेल आणि शेपटीची चरबी. दोन्ही एकाच मेंढीच्या हव्यात."

मग कामशात भांडी विसळता विसळता म्हणाली, "आजी, शहरातले लोक आता पिशव्या घेऊन मागणी घालायला येतात वाटतं."

"एकटाच आलास?" आजींनी मला विचारलं. "आई नाही, मामा नाही, घोडा नाही. नुसत्या पिशव्या?"

हसू नकोस. व्याह्यांनी एकमेकांना कलेजी-चरबी भरवली की सोयरीक पक्की होते, हे मला का ठाऊक नाही? पण कामात असलो की माझ्या डोक्यात फक्त वजनं असतात. माझे कान लाल झाले. ते पाहून ती आणखी हसली.

पाण्याचा नमुना एकदा घेतला की पुरे असतो. त्यांच्या विहिरीचा मी चारदा घेतला.

आता तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. बाबा त्या मैदानावर ट्रक चालवायचे आणि ते कसे गेले, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून तू बाजारात मेंढी कुठली हे विचारल्याशिवाय मांस घेत नाहीस. "त्या बाजूची मुलगी घरात आणायची नाही," असं तू मला मिसरूड फुटायच्या आधीच बजावलं होतंस. म्हणून सहा महिने मी तुला हवापाण्याच्या गप्पा सांगत बसलो.

पण गंमत ऐक. मी रीतसर मागणी घातली तेव्हा बातिमा आजी म्हणाल्या, "तुझा बाप तिथं ट्रक चालवायचा ना? मग त्या बाजूचा मुलगा मला चालेल की नाही, ते आधी बघते. तुमच्याकडे माणसाच्या अंगातले किरण मोजायची खुर्ची आहे म्हणतात. बस तिच्यावर."

आजी जीपमधून स्वतः आल्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या लारिसा पेत्रोव्नांनी मला खुर्चीत बसवलं आणि आजी काठी टेकून समोर उभ्या राहिल्या. "ही खुर्ची खरं बोलते का?" त्यांनी विचारलं. "माणसांपेक्षा बरी," लारिसा पेत्रोव्ना म्हणाल्या. मी पास झालो. एवढी धडधड मला शाळेच्या परीक्षेतही झाली नव्हती.

त्यांच्या घरचे नमुनेही लारिसा पेत्रोव्नांनीच तपासले. तपासणीला मी हात लावला असता तर जावयानं आकडे गोड केले असं लोक म्हणाले असते. निकाल काल आला. ओढ्याकाठचा एक पट्टा वाईट आहे, तिथं कुंपण घालायचं आहे. बाकी कुरण, विहीर, मांस ठीक आहे. आकडे मी दोनदा वाचले, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

तुझी भीती मात्र खुर्चीत मोजता येत नाही, आई. पुढच्या लेकरांचं काय, याची हमी मला कुणी देत नाही, आणि मी तुला खोटी देणार नाही. कामशातशी बोललो. ती म्हणाली, "भीती दोन्ही घरांत आहे. मग एकाच घरात ठेवू, म्हणजे राखायला सोपी."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आजी मेंढी कापणार आहेत. तिथल्याच कुरणावरची, मी ते लपवत नाही. कलेजी आणि चरबी ताटात येईल, पिशवीत नाही. आजी तुला पहिला घास भरवतील. इतकी वर्षं तू त्या बाजूचं काही तोंडात घातलेलं नाहीस. लग्नाचा खर्च, पाहुणे, मांडव, सगळं मी बघतो. तू फक्त तोंड उघड.

मोजून झालेला, आणि तरीही तुझाच,
सेरझान