पाठीला विचारून बघा

३ जून, सोमवार
विकायच्या आहेत गाद्या, आणि साहेबांना हवाय धक्का! वेबसाइट उघडली की वर जी मोठी ओळ दिसते, ती लिहायला मला ठेवलंय. मला — उभी हयात वर्तमानपत्रात मथळे देण्यात घालवलेल्या माणसाला. त्यात आता सोबतीला एक नवीन बाई आणलीय. तिच्या प्रत्येक ओळीत धमाका असतो, म्हणून मी तिचं नावच धमाका ठेवलं. आजची ओळ — "झोपेचा महाधमाका!" अहो, धमाका झाल्यावर झोपणार कोण?

४ जून
साहेबांचा नवा फतवा. रोज दोघांनी दुसऱ्या दिवसासाठी एकेक ओळ द्यायची. साइटवर येणाऱ्या निम्म्या लोकांना माझी दिसणार, निम्म्यांना तिची. ज्याची ओळ वाचून जास्त लोक खालचं बटण दाबतील, तो जिंकला. महिनाअखेरीस दोघांतला एकच राहणार.
या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार? भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे.

७ जून
परत हरलो. माझी ओळ: "पाठीला विचारून बघा." तिची: "ही गादी पाहून शेजारी जळतील!" शेजारी आपल्या झोपायच्या खोलीत काय करतायत, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!
घरी आल्यावर उद्याच्या दोन्ही ओळी आईला म्हणून दाखवल्या. म्हणाली, "तुझीच चांगली आहे रे. त्या बाईची ऐकून तर मला झोपच यायची नाही." ते बटणाचं मात्र तिला तीनतीनदा समजावून सांगावं लागलं. वय झालं आता.

१२ जून
जिंकलो.

१३ जून
परत जिंकलो! लोक सुधारतायत म्हणायचे.

१८ जून
रोज मीच. धमाका मला चहाच्या मशीनपाशी गाठून म्हणाली, "तुम्ही नेमकं करता तरी काय हो?" म्हटलं, "वाचतो." तिला काही ते कळलं नाही. आता धमाका सोडून प्रश्नचिन्हं टाकून बघतेय. बुडत्याचा पाय खोलात.
साहेब कुरकुरतायत — बटणं दाबली जातात, पण गाद्या काही जास्त खपत नाहीत. गाद्याच दगडासारख्या आहेत, त्याला मी काय करू? माझं काम माणसाला दारापर्यंत आणायचं.
आई अजून रोज उद्याच्या ओळी विचारते. घरात एक तरी रसिक आहे.

२८ जून, शुक्रवार
धमाकाला काढलं. तिने कप, चार्जर, मुलीचा फोटो असं सगळं एका खोक्यात भरलं. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. "ती पाठीची ओळ मला खरंच आवडली होती. घरी वाचून दाखवली होती मी." वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिला मी थोडंच काढलं? लोकांचा कौल आहे.

२९ जून
सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "आता तुझी जागा पक्की झाली ना? मग बायकांना थांबायला सांगू का?"
म्हटलं, "कुठल्या बायकांना?"
"अरे, तुझ्या मावश्या, त्यांच्या सुना, माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या सगळ्या. रोज संध्याकाळी कळवते त्यांना. तुझी ओळ दिसली की बटण दाबायचं, त्या बाईची दिसली तर हात लावायचा नाही. कंटाळल्यात रे बाबा आता सगळ्या."
चहा निवून गेला.
म्हणालो, "इतक्यात नको."