चौघांचं इंजिन

२ मार्च, शनिवार
आजपासून नोंद ठेवायची. फक्त इंजिनाची, बाकी रडगाणं नाही.

नोरीन जानेवारीपासून फाइंडले गावी बहिणीकडे राहते आहे. विश्रांती म्हणून. आता केंड्रानं, म्हणजे आमच्या मुलीनं, आईला पटवलंय की दर शनिवारी इकडे यायचं, थोरल्या भावाला, रसलाही बोलवायचं आणि अकरा वर्षं गॅरेजमध्ये झाकून पडलेल्या '६९च्या शेव्हेल गाडीचं इंजिन चौघांनी मिळून बांधायचं. नोरीन फोनवर म्हणाली, व्हर्न, मला त्या इंजिनाचं काडीचं पडलेलं नाही. पण एक तरी काम दुसऱ्याला शेवटपर्यंत करू दिलंस, मध्ये हात घातला नाहीस, तर घरी यायचा विचार करीन.

थोडक्यात, चार जुलैच्या परेडच्या आत इंजिन सुरू झालं पाहिजे. होऊन जाईल.

९ मार्च
इंजिन बाहेर काढलं. कामं वाटून दिली. रस (विमा कंपनीत आहे): जुनी गॅस्केटं खरवडणे. नोरीन: रंग. केंड्रा: बाकी सगळं. ती दहा वर्षं ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. पण मी ॲक्सलच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होतो. लोक करायचे, मी चुका काढायचो. तेव्हा मी: देखरेख.

संकल्प: हात खिशात.

२३ मार्च
रस गॅस्केट खरवडत होता की टोस्टला बटर लावत होता, कळेना. पट्टी त्याच्या हातातून घेतली. नुसती दाखवण्यापुरती. तासाभरानं वर पाहिलं तर स्वारी घरात बास्केटबॉल बघत बसलेली. आजकालच्या पोरांत चिकाटी नाही. राहिलेलं मीच उरकलं. छान झालंय.

६ एप्रिल
बर्फ. रस आला नाही. ऑफिसचं काम आहे म्हणाला. शनिवारी कसलं डोंबलाचं ऑफिस!
चौघांऐवजी तिघं. हरकत नाही, गर्दी कमी.

२७ एप्रिल
नोरीननं इंजिनाचा ब्लॉक रंगवला. आधी दोन तास कागद कापून एकेक भोक झाकलं, मग नारिंगी रंग. गुणगुणत होती. या गॅरेजमध्ये तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं. जाताना विचारलं, कसा झालाय? झकास म्हटलं.

ऑइल फिल्टरपाशी नाण्याएवढी जागा सुटली आहे. बोललो नाही. हीच प्रगती.

२८ एप्रिल, रविवार, सकाळी ७
ती नाण्याएवढी जागा भरली.

दुपारी १
शेड जुळेना, म्हणून ती अख्खी बाजू रंगवली. थोडे ओघळ आले. कुणाच्या लक्षात येणार नाही.

४ मे
नोरीनच्या लक्षात आलं. म्हणाली, हे ओघळ माझे नाहीत. मी म्हटलं, हवेत दमटपणा आहे. तिनं सँडविच स्वतःच्या गाडीत बसून खाल्लं. रेडिओवर काहीतरी चांगलं लागलं असणार.

२५ मे
केंड्रानं आठही पिस्टन बसवले. न बोलता, शांतपणे. हात माझ्यावर गेलाय.

२६ मे
खात्री असावी म्हणून तीन नंबरचा पिस्टन काढून पाहिला. परत घालताना रिंग तुटली. हल्लीचा माल तकलादू.

१ जून
केंड्रा म्हणाली, डॅड, मी बसवलेला पिस्टन बाहेर काय करतोय? तपासणी, मी म्हटलं. त्यावर म्हणते, मग तू तपासलेले ॲक्सल कुणी पुन्हा उघडून बघायचं का रे? हा काय प्रश्न झाला! नवी रिंग तिनंच आणली, तिनंच बसवली. मी बाहेर गवत कापलं. खिडकीतून फारसं दिसत नव्हतं.

१५ जून
इंजिन गाडीत चढलं. केंड्रानं भिंतीवर कागद चिकटवलाय: कॅमशाफ्ट नवा आहे, पहिली वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर रेस धरायची. रेस सोडली तर त्याचे उंचवटे घासून सपाट होतील. खाली पेनानं लिहिलंय, डॅड, हे तुझ्यासाठी. मला शिकवते! ती अजून रांगत होती तेव्हापासून मला हे ठाऊक आहे.

म्हणाली, पहिला स्टार्ट माझा, अथपासून इतिपर्यंत. नोरीन म्हणाली, व्हर्न, हे शेवटचं हं. मी शब्द दिला. वीस मिनिटं गप्प उभं राहायचं, त्यात काय आहे?

२९ जून
दुसऱ्या झटक्यात सुरू! डोळ्यांत पाणी आलं. रसही आला होता, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. केंड्रा बॉनेटपाशी वाकून रेस धरून उभी, नजर घड्याळावर. नोरीन दारात, हातात आइस टी.

पण नुसता कर्कश आवाज. नोरीनचं तोंड वाकडं झालेलं मला दिसलं. तिनं ऐकायला हवा तो या इंजिनाचा खरा आवाज, रेस सोडल्यावरची ती जाड, अडखळती गुरगुर. ८४ साली मी तिला पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हाची. एक मिनिटानं काय होतंय? केंड्राचा हात बाजूला केला.

काय आवाज होता! केंड्रा ओरडत होती, डॅड, माझा हात सोड! मी म्हटलं, थांब गं, आईला ऐकू दे. मग टिक-टिक सुरू झालं. केंड्रानं चावी बंद केली.

नोरीननं विचारलं, वीस झाली? केंड्रा म्हणाली, अकरा. नोरीननं ग्लास खाली ठेवला आणि गेली. रस तिच्या मागोमाग. केंड्रानं हत्यारं पुसून पेटीत भरली. स्वतःची तेवढीच.

३० जून
कॅमशाफ्ट काढला. चार उंचवटे गुळगुळीत. मग बाकीचं सगळं मोजलं. खरं सांगायचं तर केंड्राची चूक सापडावी म्हणून. दिवसभर मोजलं. एकही नाही. माझ्या एकतीस वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या टेबलावर आलं नाही. लाज वाटली. तिला फोन केला, उचलला नाही. निरोप ठेवला की पुढच्या वेळी कागद जरा मोठ्या अक्षरात लिही.

४ जुलै
परेड. गेलो नाही.

६ जुलै, शनिवार
नोरीन आली. उरलेलं सामान न्यायला. मी खोकी भरू लागलो तर म्हणाली, हात लावू नकोस, मी भरते. बरं म्हटलं. पायरीवर बसून राहिलो. दीड तास. एकदाही उठलो नाही, हे तिनं पाहिलं असणार.

सहा खोकी झाली. टेप वाकडीतिकडी. ती पर्स आणायला आत गेली, तेवढ्यात दोन खोक्यांची टेप काढून सरळ लावली.

तिसऱ्याची काढत होतो तेव्हा ती दारात उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. रागावली नाही. हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, राहू दे व्हर्न, ते एक तसंच राहू दे, माझ्यासाठी.

तिसरं उघडंच गाडीत ठेवलं तिनं. फाइंडलेपर्यंत नक्की सांडणार.