कांदेनवमीनंतर

२० जून २०००, मखमलाबाद
लग्नानंतर माहेरपण उरकून आज सामानासकट सासरी आले. सामानात भांडी कमी, पुस्तकं जास्त. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ट्रंक उघडून विचारलं, ही रद्दी हाय का रुखवत. पण एम.ए. पुरं करायचंच, असंही त्यांनीच बजावलं. सासू मिळावी तर अशी. घर गुलाबाच्या मळ्यात आहे. पडवीच्या आढ्याला लसणाच्या इतक्या जुड्या टांगल्यात की येता-जाता डोक्याला लागतात. हे ओझरच्या कारखान्यात, दुपारपाळीला. संध्याकाळी घरात आम्ही तिघीच: आत्याबाई, मी आणि अकरावीतली नणंद वेदिका. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही.

२७ जून
अभ्यासाला एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे, रक्त पिणाऱ्या उमरावाची. दुपारी वेदिकाला मराठीतून सांगते आणि दोघी हसून बेजार होतो. उमराव दिवसा दिसत नाही, काही खात नाही, घरातली पोरगी पांढरीफटक पडते, आणि तिथले शहाणे म्हणतात हवापालट करा. वाचणाऱ्याला केव्हाच कळलेलं असतं. त्याला लसूण सोसत नाही, आणि घरच्यांनी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. वेदिका म्हणाली, मग आपल्याकडं त्याची चैनच हाय, आई तर दारातल्या कुत्र्यालाबी आत ये म्हणती.

५ जुलै
गुलाब घ्यायला एक नवे व्यापारी यायला लागलेत. सगळे त्यांना शेठ म्हणतात. येतात ते दिवेलागण झाल्यावरच. चहा नको, पाणी नको. आत्याबाई रोज म्हणतात, आत या, दारात माणूस उभं ठेवायचं नाय आमच्यात. ते हसून अंगणातच थांबतात. आज फुलं बांधताना वेदिकाच्या बोटात काटा घुसला. शेठ बोलता बोलता गप्प झाले, बोटाकडं बघत राहिले. मी तिला डोळ्यानं खुणावलं: उमराव. तिला हसू आवरेना.

११ जुलै
काल कांदेनवमी झाली. भजी, थालीपीठ, झुणका, सगळ्यात कांदाच कांदा. आत्याबाईंचा चातुर्मास कडक, आता कार्तिकापर्यंत घरात कांदा-लसूण नाही. सगळ्या जुड्या मळ्यातल्या बायकांना वाटून टाकल्या. पडवी मोकळी झाली.
आज शेठ पहिल्यांदा आत आले. उंबऱ्याशी थांबून वर आढ्याकडं बघितलं आणि सरळ वेदिकाशेजारी येऊन बसले. आज मला गंमत वाटली नाही.

१७ जुलै
वेदिका बोलत नाही. ओठसुद्धा पांढरे पडलेत. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, बीट द्या, गोळ्या द्या. ती मानेवरची ओढणी सोडत नाही. मी ओढून बघितलं. दोन टोचे. गुलाबाचे काटे, म्हणाली. यांना सांगितलं, तर म्हणाले, ती कादंबरी आधी बंद कर.

१९ जुलै
शेजारून लसूण मागून आणला, वेदिकाच्या उशीखाली ठेवला. आत्याबाईंना वास आला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या. घरात दुखणं, अन् तू माझा नेम मोडतीस. लसूण पाटात टाकून दिला. मी महिन्याभराची सून, काय बोलणार. फार भीती वाटते.

२३ जुलै
वेदिका अंथरुणात नाही. चपला दारातच आहेत. हे विहिरी बघत फिरतायत. शेठचं येणं बंद.
कादंबरीचा शेवट वाचला. वाचायला नको होता. गेलेली पोरगी परत येते— आधी आईकडं—

२४ जुलै
आत्याबाईंना सांगितलं. वेदिका आली तर बोलावू नका. काय बोलले मी त्या आईला— अभद्र तोंडाची म्हणून मला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. स्वतः दार सताड उघडं टाकून बसल्यात. दिवे लागले.

तिचा आवाज. आई, मी दारात उभी हाय, बोलव ना.

ओरडतेय मी. आत्याबाई, नका—

म्हणाल्या. ये माझी बाय, म्हणाल्या.

कडी काढतायत. वेदिका माझ्या दाराशी. वहिनी, आत येऊ का. मी बोलणार नाही. तोंड दाबून धरलंय. मी नाही बोलले तर—

आत्याबाई हसतायत. म्हणतायत, विचारती काय येडे, घर तुझंच हाय, जा आ—