भाऊजीचा बैल

नलूचे बाबा,

बैल खुंट्यावर दिसला नाही म्हणून आरडाओरड करू नका. तो चोरी गेला नाही. मीच त्याले सोडून श्रावणभाऊजीच्या घरी पोचवाले चालली. नलू माह्या संगं हाय.

सकाळी राळेगावले जाताना तुमी बोलून गेले, “आपल्या तुरीत शिरला, वापस आलो का कोंडवाड्यात टाकतो, भरू दे त्याले दंड.” तुमी रागात होते. पण रविवारी मंडळीत तुमीच उभं राहून बायबलातून वाचलं, का वैऱ्याचाही बैल चुकला तर त्याच्या घरी नेऊन द्यावा. अन् हा तर तुमचा सख्खा भाऊ. आपण बाप्तिस्मा घेतला तवापासून तो आपल्यासंगं बोलत नाही, म्हणून काय वैरी झाला?

मी वावरात जाऊन पाहून आली. तुरीची एक शेंग तुटली नाही. बैल दावं तोडून सीधा आपल्या गोठ्यात आला. वाटणीत तो त्यायच्याकडे गेला, पण वाढला तर इथंच ना! जुन्या खुंट्यापाशी येऊन उभा राह्यला बिचारा.

भाऊजी दारातूनच हाकलतील, तर हाकलू दे. मी त्यायले ‘जेवाले या’ म्हणूनच परत येईन.

टोपल्यात भाकरी जास्तीच्या हायेत, साऱ्या संपवू नका. भाऊजी खरंच आले, तर हात धुवाले पाणी तुमी द्या. नलूले द्याले सांगू नका.

सगुणा