तीन खांबांचं भाषण

४ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं फ्रेंच शिकवणं जोरात चालू असेल. इकडे खुर्च्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा करमत नाही म्हणून घरातली दारं रंध्याने तासत सुटलेत. न्हाणीघराचं दार एवढं तासलंय की कडीच लागत नाही. मी आंघोळीला, तर आई बाहेर पहाऱ्याला!

हसू नकोस, पुढचं ऐक. कारखान्यात बाबांच्या निरोपाच्या दिवशी तू भाषण ठोकलंस ना, की काम करण्याला फ्रेंचमध्ये 'त्रावाये' म्हणतात, तो शब्द माणसाला बांधून छळायच्या तीन खांबांवरून आला, आणि आमचे बाबा जन्मभर त्याच खांबांना बांधलेले होते? टाळ्या काय पडल्या! पण बाबांनी आदल्याच दिवशी मालकांना विचारलं होतं, अर्धा दिवस तरी येऊ द्या म्हणून. मालक हो म्हणाले होते. तुझं ऐकून फिरले. घरच्यांना एवढं टोचतंय तर आम्ही कशाला पापाचे धनी होऊ, म्हणाले. मला हे काल तिथल्या कारकुनाने सांगितलं.

बाबा मात्र तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. उलट दूधवाल्यालासुद्धा तो फ्रेंच शब्द ऐकवतात, आमच्या मुलाने सांगितला म्हणून.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. दूधवाल्याचं वाचल्यावर तर अधिकच. ताई, खांबांची ती गोष्ट पक्की नाही, अभ्यासकांचं एकमत नाही, हे मला ठाऊक होतं गं. वर्गात पोरं खूश होतात म्हणून सांगतो, तशीच तिथे ठोकून दिली. बाबा कधी कुरकुरत कामाला गेलेले तुला आठवतात का? मला तर नाही आठवत. एकदा विचारायचंही सुचलं नाही. शहाणपण मिरवायला मला बापच सापडला!

रविवारी येतो. कारखान्यात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की मी चुकलो, बाबांना परत घ्या. हे बाबांच्या कानावर घालून ठेव.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही, तरी असू दे.
बारक्या

१४ जून

चि. बारक्यास,
अ. आ.

सांगितलं. बाबा म्हणाले, जागा गेली तर गेली, त्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी अख्ख्या कारखान्यादेखत माझा मुलगा ताठ मानेने बोलला. त्याच माणसांपुढे त्याने मान खाली घातलेली मला बघवणार नाही.

ये रविवारी. पण थेट घरीच ये.

तुझी,
ताई