एक मॅडम, पाच वर्ग

मंगळवार, ८ जुलै
पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात. तिथं आवेदन दिलं. आम्ही गावातल्या सात-आठ जणी. मागणी एकच. आपल्या शाळेत वानखेडे मॅडम एकट्या, वर्ग पाच. दुसरा शिक्षक द्या. सोबत पाचही वर्ग एकाच खोलीत बसले त्याचा फोटो जोडला. साहेब म्हणाले, "देखते हैं." येताना बसमध्ये सगळ्या खुश. शोभा तर गाणं म्हणून राहिली होती. तिची पोरगी अन माझी पिहू, दोघी चौथीत.

सोमवार, १४ जुलै
शाळेत जीप आली. तपासणी. वह्या का तपासल्या नाहीत, पहिलीची पोरं अंगणात का, सगळं मॅडमलाच विचारलं. कारण बताओ नोटीस दिली. दुसऱ्या शिक्षकाचं नावही नाही.

मी शाळेत गेली. वानखेडे मॅडम खुर्चीवरून उठल्या नाहीत.
"पिहूच्या आई, फोटो काढायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं."
मी म्हटलं, तुमच्यासाठीच तर...

गुरुवार, १७ जुलै
मॅडमला सौंसरकडच्या शाळेत अटॅच केलं, म्हणजे पुढच्या आदेशापर्यंत तिकडंच शिकवायचं. इथं कोणी नाही. चावी खिचडीवाल्या बाईजवळ. पोरं जेवली की घरी. तात्पुरता अतिथी शिक्षक येईल म्हणतात. कधी, ते कोणी सांगत नाही. यांनी जेवताना एवढंच म्हटलं, "झालं समाधान?"

शनिवार, १९ जुलै
सरपंचाकडे बोलावलं. कागद तयारच होता: शाळेबद्दल आमची काही तक्रार नाही. सगळ्यांनी सही केली की मॅडम परत येतील म्हणे. मी नाही म्हटलं. एकदा हे लिहून दिलं की दुसरा शिक्षक कायमचा गेला.

शोभा तिथंच सर्वांसमोर बोलली. "तू बी.ए. झाली. पिहूले घरी शिकवशीन. माह्या पोरीले कोण शिकवीन?"
खरं आहे.

रविवार, २० जुलै
सौंसरला मॅडमच्या घरी गेली. त्यांनी चहा दिला. कागदाचं सांगितलं. सही करू का नको, दोन्हीतलं एकही बोलल्या नाहीत. "माझं नाव कुठंच घेऊ नका आता." मग दारापर्यंत आल्या अन हळूच म्हणाल्या, "पाच वर्ग माझ्यानं होत नव्हते. कोणाला बोलली नाही मी."
परतताना बसमध्ये घर येईपर्यंत तेच डोक्यात.

सोमवार, २१ जुलै
मी दुसरा कागद लिहिला: तक्रार मॅडमविरुद्ध नव्हती. मॅडम परत द्या, अन दुसरा शिक्षकही द्या. दारोदार फिरली. बऱ्याच जणींनी दारातूनच परत पाठवलं. शोभानं मात्र हातात घेऊन पूर्ण वाचला.
"अन दोन्ही नाही भेटलं त?"
"माहीत नाही."
"मी सरपंचाच्या कागदावर सही केली सकाळीच." मग म्हणे, "आण पेन. याच्यावरही करतो. कोणाचं त ऐकतीन."
रागवावं का रडावं कळेना.

मंगळवार, २२ जुलै
पांढुर्णा. आज आम्ही चौघीच. सरपंचाचा कागद आमच्या आधीच टेबलावर. साहेबांनी दोन्ही बाजूला-बाजूला ठेवले.
"ये शोभा कौन है? दोनों में नाम है."
शोभा पुढं झाली. मला वाटलं, संपलं आता.
"मीच हाव साहेब."
"सच कौन सा है?"
"दोन्ही. शाळा बंद पडली म्हणून तिकडं केली. चालू होती तेव्हाही पोरं शिकत नव्हती, म्हणून इकडं."
साहेबांनी पेन उघडलं. मग कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, दोन्ही कागद बाबूकडे सरकवले, पुढच्या माणसाला बोलावलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. बाबूला विचारलं तर म्हणे, आदेश निघेल तेव्हा कळेल.

बसमध्ये शोभा खिडकीला डोकं टेकून बसली होती. "चुकलं का वं माह्यं?"
मी म्हटलं, "नाही." आज मॅडमला फोन करणार होती. काय सांगू म्हणून केला नाही.