जादा मानधनाचा अर्ज

मंगळवार, संध्याकाळ

आज मोरे सर विद्यापीठाच्या गेटसमोरच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात आला. सर म्हणायला जिवावर येतं, माझ्याच वयाचा आहे. कॉलेजात माझ्या वर्गात होती त्या वैशालीच्याच विभागात तोही तासिकेवर शिकवतो. विभागप्रमुखाला यंदा कुणातरी एकाला जादा मानधन देता येतं, मर्जी बसेल त्याला. मर्जी बसली मोरेवर. आन् हा शहाणा अर्ज लिहून आणतो की मला नको, मॅडमला द्या, पोरं त्यांच्याच तासाला टिकतात.

टाईप करताना दिसलं, आधी ‘वैशाली’ लिहिलंय, मग खोडून वर ‘मॅडम’ केलंय.

“खोडलेलं पण घेऊ का?” मी मुद्दाम विचारलं.

“नाय रे भाऊ, चुकून गेलं,” म्हणाला, आन् कानापर्यंत लाल झाला.

चुकून? नुसतं वैशाली?

पहिल्या वर्षाला ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दुसऱ्या वर्षी क्लार्कची कॉलर धरून मी कॉलेज सोडलं नसतं तर... तर काय? तिच्यासाठी नको म्हणावं असं माझ्याकडं आहे तरी काय?

टायपिंगचे पैसे घेतले नाय. “अरे, तू का सोडतोस?” तो हसला. मी सोडलेले पैसे तिला कुठं कळणार? तिला कळणार ते त्याचंच सोडलेलं.

अर्ज एक चूक न करता टाईप केला. त्याच्या हातचा कागद मात्र खिशात घालून पडेगावला घरी आणला. मघापासून ते खोडलेलं नाव मी परत परत खोडतोय. कागद फाटला, तरी वाचता येतंय.